पोट्टी ‘पार्कात’ जातो म्हणते तेव्हा…

आमच्या शहापुरात नोकरी म्हटलं की आजही आधी डोळ्यांसमोर येते ती जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी. भंडारा-नागपूर महामार्गावरचं आमचं गाव. साठच्या दशकात शेजारी ही फॅक्टरी आली आणि धानाच्या बांध्यांच्या या मुलुखाने महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला क्वार्टर, दवाखाना आणि म्हातारपणी पेन्शन ही चौकडी जवळून पाहिली. तेव्हापासून मुलीसाठी स्थळ पाहताना ‘शेती किती?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘नोकरी पक्की आहे ना?’ हा पुढे आला.

खरं तर ‘पक्की’चा अर्थही एवढ्या वर्षांत बदलत गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभरातल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. पक्क्या नोकरीलाही धोका असतो, हे त्या दिवशी सगळ्या परिसराने पाहिलं. तरीही ‘पक्की’ या शब्दाचं वजन काही कमी झालं नाही. आणि का व्हावं? त्याच पगारावर इथली घरं उभी राहिली, पोरं शिकली, पोरींची लग्नं झाली.

आता अशा गावात एखादी पोट्टी म्हणाली की मी पक्की नोकरी सोडतो आणि दूरच्या पार्कात नाचायला जातो, तर घरात काय होईल? (आमच्याकडे मुलीही ‘जातो-येतो’च म्हणतात बरं का!) जे व्हायचं तेच झालं. तिची आई माझ्याकडे आली. गावातल्या बायकांचे निराधारचे अर्ज, रेशनकार्डाची कामं, नवरा-बायकोची भांडणं हे सगळं माझ्या दारी येतंच, त्यात हेही आलं.

“ताई, पोट्टीले समजवा तुम्ही. सात वर्साची नोकरी सोडून नाचाले जातो म्हन्ते. लोकं काय म्हनतीन?”

मुलगी एकोणतीस वर्षांची. जवळच्याच एका खासगी कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम करणारी. पगार चौदा हजार. त्यातले सहा हजार घरी देते, त्यावर धाकट्या भावाची फी आणि आईच्या गोळ्या. शाळेच्या गॅदरिंगपासून गणपतीच्या मांडवापर्यंत कुठेही नाच असला की ही पुढे. नागपूरला नाच-अभिनयाची चाचणी झाली, तिथे मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कासाठी तिची निवड झाली. पगार वीस हजार, राहणं तिकडेच.

मी आईला विचारलं, “कागद काय दिलाय त्यांनी?”

“कागद?” त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. “कागदाचं थे नाही मालूम. पन तिथं कपडे कसे घालाले लावतात, ते इचारा ना तिले.”

मैत्रिणींनो, माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आहे. मुलगी चार पैसे कमवायला घराबाहेर पडते तेव्हा आपण तिच्या कपड्यांची चौकशी करतो, वागण्याची करतो, सोबतीला कोण आहे याची करतो. तिच्या नेमणुकीच्या कागदाची मात्र कोणी करत नाही. आणि तिचं खरं बरं-वाईट ठरतं ते त्या कागदावर!

आधी हे काम असतं तरी काय ते पाहू. १७ जुलै १९५५ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं. नुसते पाळणे नाहीत, तर एका कल्पनेवर उभारलेलं अख्खं गाव, आणि त्या गावात फिरणारी गोष्टीतली पात्रं, ही कल्पना त्याने जगभर नेली. आपल्याकडे मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आलं. हैदराबादजवळ १९९६ मध्ये रामोजी फिल्म सिटी उभी राहिली, तीही पुढे पर्यटकांचं ठिकाण झाली. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं. शाळेच्या सहलींमुळे ही नावं आता आपल्या घरातल्या लेकरांनाही पाठ असतात.

अशा ठिकाणी पाळणे चालवणारे असतात, तसेच खेळ करणारे कलाकारही असतात. कोणी रंगमंचावर नाचतं, कोणी मिरवणुकीत असतं. कोणी भलंमोठं डोकं असलेला पोशाख घालून ससा नाहीतर अस्वल होतं आणि लेकरांबरोबर फोटो काढून घेतं. पाहणाऱ्याला मजा वाटते. करणाऱ्याला मात्र तोच खेळ दिवसातून अनेकदा, तेवढंच हसून करायचा असतो. जड पोशाखात उन्हाळ्याच्या दिवसांत घामाच्या धारा लागतात, समोरचं नीट दिसत नाही, म्हणून सोबत एक माणूस लागतो. गुडघे, घोटे आणि कंबर ही या कामाची हत्यारं, तीच आधी झिजतात. शिवाय जगाला सुट्टी तेव्हा यांना काम. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि प्रत्येक रविवार! भाऊबीजेला भाऊ ताट मांडून बसेल आणि बहीण तिकडे मिरवणुकीत असेल.

म्हणजे हे ‘नाचणं’ नाही, ही मेहनतीची नोकरी आहे. एवढं आईला समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा होता ‘लोकं काय म्हनतीन’चा.

लोक काय म्हणतात याचाही एक इतिहास आहे. विष्णुपंत छत्रे संस्थानिकाच्या पदरी घोड्यांच्या कामात तरबेज होते. मुंबईत त्यांनी इटलीच्या चियारिनीची सर्कस पाहिली आणि वर्षभराच्या आत स्वतःची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. तिचा पहिला खेळ २० मार्च १८८० ला झाला. आज आपण त्यांना भारतीय सर्कशीचे जनक म्हणतो. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. भारतात आणि आफ्रिकेत त्यांनी डॉक्टरकी केली, आणि १९६९ मध्ये चाळिशी ओलांडल्यावर ती सोडून पूर्णवेळ नट झाले. आपण म्हणतो, केवढा ध्यास!

आता बाईचं पाहा. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी झाली. त्याआधी सिनेमातली बाईसुद्धा पुरुषच व्हायचा. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंना पोटासाठी नाटकाची वाट धरावी लागली होती आणि समाजाने त्यांना वाळीत टाकलं होतं. पुढे कमलाबाई गोखले तरुणपणीच विधवा झाल्या, पदरी तीन मुलगे. त्यांनी रंगभूमीवर काम करूनच ती वाढवली. त्यातले चंद्रकांत गोखले पुढे मोठे नट झाले आणि नातू विक्रम गोखले यांना तर आपण सगळ्यांनीच पडद्यावर पाहिलं. म्हणजे पुरुषाने सोडलं की ध्यास आणि बाईने धरलं की थेर! शंभर वर्षं होऊन गेली, तरी आमच्या गल्लीत अजून हेच माप चालतं.

खरं म्हणजे आपल्या भागाने तरी असं म्हणू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. धान घरात आलं, दिवाळी झाली की मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो तो पहाटेच पडतो. आपण घोंगडी-चादरी घेऊन, लेकरांना कुशीत घेऊन पाहतो. गावोगावचे पाहुणे येतात, मंडईत सोयरिकी जुळतात. या नाटकांच्या मंडळ्यांची राजधानी म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. तिथे मंडळ्यांची ऑफिसं आहेत, गावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात. हंगामात नागपूरच्याच काय, पुण्या-मुंबईच्या नट्याही वडशाला खोली करून राहतात. रोज संध्याकाळी गाडीत बसायचं, दूरच्या गावी जाऊन रात्रभर प्रयोग करायचा आणि सकाळी परत यायचं.

याच रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका करणारे कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा आपण सगळ्यांनी व्हॉट्सअॅपवर अभिनंदन केलं ना? मग त्याच मंचावर रात्रभर उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर आपण काय बोलतो, तेही जरा आठवून पाहावं.

झाडीपट्टीने मला आणखी एक गोष्ट शिकवली. इथले कितीतरी कलाकार हंगामात नाटक करतात आणि पावसाळ्यात शेती, मजुरी नाहीतर दुसरा धंदा. कला एका हाताला आणि पोट दुसऱ्या हाताला, अशी ही जुनी सोय. पैसे मिळतात ते प्रयोगाप्रमाणे. प्रयोग नाही तर पैसा नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली, नाटकं थांबली आणि पुढचा हंगामही बुडाल्यासारखाच गेला. मंचावर राणी होणारी बाई तेव्हा कशी जगली असेल? ना पीएफ, ना विमा, ना हातात कसला कागद. टाळ्या भरपूर वाजल्या होत्या, पण टाळ्यांवर किराणा मिळत नाही.

म्हणून मी त्या मुलीला बोलावून घेतलं. म्हटलं, “तुला जाऊ नको म्हणायला बोलावलं नाही. आपण दोघी मिळून हिशेब करू.” हिशेब हेच तिचं काम, तीच वही घेऊन आली. आम्ही आधी सध्याची नोकरी मांडली.

पगार चौदा हजार. मूळ पगार बारा हजार धरून त्यावर बारा टक्के पीएफ, म्हणजे १,४४०. ईएसआयचे पाऊण टक्का, म्हणजे १०५. हातात येतात १२,४५५. घरी सहा हजार, स्कुटीचं पेट्रोल दीड हजार. उरतात ४,९५५.

मग नवीन नोकरी. पगार वीस हजार. पीएफ तेवढाच, १,४४०. ईएसआय १५०. जेवणाचे चार हजार. खोली कंपनी देणार, पण वाटणीचे अडीच हजार कापणार. फोन, साबण-तेल, औषधपाणी दोन हजार. वर्षातून तीन-चारदा घरी यायचं, भंडारा रोडहून विदर्भ एक्स्प्रेसचं आणि पुढचं भाडं, महिन्याला आठशे धरले. उरतात ९,११०.

“बघा ना काकू, जवळजवळ दुप्पट उरतात!” ती म्हणाली.

“आणि घरचे सहा हजार?”

तिचं पेन थांबलं. आता घरचे सहा आणि शिल्लक मिळून १०,९५५ होतात. तिकडे गेल्यावर सगळं मिळून ९,११०. म्हणजे पगार सहा हजारांनी वाढतो आणि घर धरून हातात १,८४५ रुपये कमी पडतात! घरी पूर्वीसारखेच सहा हजार पाठवले तर तिच्याजवळ उरतात ३,११०. वीस हजार हा आकडा ऐकून आई घाबरली होती, पोरगी हरखली होती आणि शेजारीण जळत होती. तो आकडा खोलून कोणी पाहिलाच नव्हता.

हे ऐकून ती रडली नाही. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “काकू, पैशासाठी नाही जात मी. सात वर्षं झाली, संध्याकाळ झाली की मला वाटते, आजचा दिवस कुणाचा होता?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी किती जणींजवळ असेल? पण मनाची ओढ असली की कागद नको, असं थोडंच आहे? उलट जिथे मन गुंतलेलं असतं तिथेच माणूस फसतो. म्हणून आम्ही दोघींनी बसून प्रश्न काढले. तुमच्या घरातली, शेजारची मुलगी उद्या अशी निघाली तर तिच्याही कामी येतील, म्हणून इथे देते.

पहिला प्रश्न, पगार कोण देणार? पार्क की मधला ठेकेदार? बोलावतं मोठ्या नावाने आणि कागद निघतो भलत्याच एजन्सीचा, असं होतं. ज्याच्या नावाचा कागद, त्याच्याकडेच उद्या मागायला जायचं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यानुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा ‘आमच्याकडे कागद देत नाहीत’ हे उत्तर आता ऐकून घ्यायचं नाही.

दुसरा, किती महिन्यांसाठी? मुदतीच्या नोकरीत मुदत संपली की घरी. पण नव्या संहितेप्रमाणे अशा मुदतीच्या कामगाराने एक वर्ष काम केलं तरी त्याला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, पूर्वीसारखी पाच वर्षं थांबायची गरज नाही. म्हणून करार अकरा महिन्यांचा आहे की बारा, हा एका महिन्याचा फरक नीट पाहावा.

तिसरा, पीएफचं काय? पुष्कळ मुली नोकरी सोडली की लगेच पीएफचे पैसे काढून मोकळ्या होतात. त्या पैशांचा मोबाइल येतो, पण मागच्या नोकरीची वर्षंही त्याबरोबर जातात. पीएफच्या पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. हिची सात झाली होती. पैसे न काढता तोच यूएएन क्रमांक नव्या ठिकाणी दिला, तर आणखी तीन वर्षांत दहा भरतात. मुलगी कुठेही नाचो, वर्षं तिच्या खात्यात जमा होत राहतात.

चौथा, पडली-झडली तर? महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू होतो. त्याचा क्रमांक हातात आला का, तिकडचा ईएसआय दवाखाना कुठे आहे, पाय मुरगळून महिनाभर बसावं लागलं तर पगाराचं काय, हे आधी विचारायचं. ज्यांचं पोट पायावर आहे त्यांनी तर नक्कीच.

पाचवा, काही वाईट घडलं तर कोणाला सांगायचं? दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान ठिकाण असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती असते. समितीतल्या बाईंचं नाव आणि फोन पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचा. ११२ आणि १८१ हे क्रमांक तर पाठच असावेत.

आणि सहावा, परत यायचं झालं तर? सध्याच्या ठिकाणी भांडून निघायचं नाही. नोटीस पूर्ण द्यायची, अनुभवाचा दाखला घ्यायचा, राजीनाम्याची पोच घ्यायची. सरकारी नोकरी असेल तर दहादा विचार करावा. केंद्राच्या नियमात राजीनामा नव्वद दिवसांत मागे घेण्याची तरतूद आहे खरी, पण खासगी कंपनीत जाण्यासाठी राजीनामा दिला असेल तर ती मिळत नाही. आणि ‘सध्या रजा टाकतो, तिकडे करून पाहतो’ हेही परवानगीशिवाय चालत नाही.

हे प्रश्न मला पुस्तकातून सुचले नाहीत. जवळच्याच एका गावची मुलगी यापूर्वी अशीच गेली होती, एका मधल्या माणसाच्या भरवशावर. नुसत्या फोनवर सगळं ठरलं. चार महिन्यांनी परत आली तेव्हा दोन महिन्यांचा पगार बाकी होता. मागायचा कोणाकडे? त्या माणसाचा फोन बंद, कागद एकही नाही. आम्ही दोघी तालुक्याला गेलो, अर्ज लिहिला, पण अर्जात मालकाचं नाव काय लिहावं हेच कळेना. गावात मात्र चर्चा झाली ती भलतीच. ‘चार महिन्यांत परत आली म्हणजे काहीतरी झालं असन.’ झालं होतं ते एवढंच, तिच्या कष्टाचे पैसे बुडाले होते! त्याबद्दल कोणालाच हळहळ नाही.

आज ती झाडीपट्टीत काम करते आणि एरवी शिलाई. तिचं ई-श्रम कार्ड मी आग्रहाने काढून घेतलं. ज्यांना पीएफ-ईएसआय नाही अशा असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये ही नोंदणी सुरू झाली, ती मोफत आहे. आपल्या भागातल्या प्रत्येक कलाकार बाईने ती करावी. उतारवयातल्या कलावंतांना राज्य शासनाचं मासिक मानधनही आहे, त्यासाठी कलेत काम केल्याचे पुरावे लागतात. म्हणून नाटकाचं पत्रक, वर्तमानपत्रातलं कात्रण, सत्काराचा कागद फेकू नका. मी तर सांगते, साडीच्या घडीत ठेवा!

कोणाला वाटेल, एवढी चौकशी केली तर कामच देणार नाहीत. तर मग त्या डिस्नेलँडचीच गोष्ट ऐका. जिथून हे सगळं सुरू झालं, तिथल्या पोशाखातल्या पात्रांनी आणि मिरवणुकीतल्या कलाकारांनी मे २०२४ मध्ये मतदान केलं. प्रश्न होता, कलाकारांच्या संघटनेत जायचं का? ९५३ जणांनी हो म्हटलं, २५८ जणांनी नाही. त्यांच्या तक्रारी काय होत्या? पोशाखांची स्वच्छता, कामावरची इजा, कामाच्या वेळा, पगार. सातासमुद्रापलीकडे राजकन्या होणाऱ्या मुलीचं दुखणं आणि वडशाला राणी होणाऱ्या बाईचं दुखणं फार वेगळं नाही. फरक एवढाच की तिकडे त्या एकत्र बसून बोलल्या.

आमच्या मुलीने नागपूरला फोन लावून हे सहाही प्रश्न विचारले. पलीकडचा माणूस आधी हसला म्हणे. मग दोन दिवसांनी कागद आला. पगार पार्काच्या कंपनीकडून, पीएफ-ईएसआय दोन्ही, करार अकरा महिन्यांचा, पुढे काम पाहून वाढवणार. पहिले दोन महिने प्रशिक्षण, त्यात पगार कमी, हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं. अकरा महिन्यांचं वाचून मी कपाळाला हात लावला. तिने तो कागद आईला वाचून दाखवला. वडील फॅक्टरीतून निवृत्त झालेले, इतके दिवस एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी चष्मा लावला आणि सगळी पानं स्वतः वाचली. म्हणाले, “सुट्टीच्या दिवशी काम केलं तर डबल देतीन का, हे नाही लिवलं याच्यात. इचार.” जन्मभर कामगार म्हणून जगलेला माणूस तो. त्याला कपड्यांची नाही, ओव्हरटाइमची आठवण झाली. मला फार बरं वाटलं.

ती गेली. त्याला आता वर्ष होत आलं. घरी सहाऐवजी चार हजार येतात. भावाने सकाळचं पेपर टाकायचं काम धरलं. आईला दिवाळी जड गेली. मुलीचा एकदा घोटा दुखावला, ईएसआयच्या दवाखान्यात दाखवलं, पंधरा दिवस बसून काढले. अकरा महिन्यांचा करार एकदा वाढवून मिळाला, पुढे मिळेल की नाही ते तिलाही ठाऊक नाही. तिशी आली म्हणून स्थळांची घाई सुरू आहे. एका स्थळाने ‘मुलगी काय करते?’ विचारून पुन्हा फोन केला नाही. हे सगळं मी गोड करून सांगणार नाही. नोकरी सोडून कलेमागे गेलं की सगळं छान होतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. महिन्याच्या एकतीस तारखेला ते कुठे असतात, देव जाणे. तिने जावं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार माझा नव्हता, गावाचा तर मुळीच नव्हता. डोळे उघडे ठेवून जावं, एवढंच आपल्या हातात होतं.

म्हणून मुलींच्या आयांना माझी एक विनंती आहे. तुमची लेक पार्कात जावो, नाटकात जावो, की सुरतेला साड्यांच्या दुकानात जावो, तिच्या नेमणूकपत्राची एक झेरॉक्स तुमच्या कपाटात असू द्या. यूएएन आणि ईएसआयचा क्रमांक कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. तिच्या खोलीतल्या एका मैत्रिणीचा फोन घ्या. रोज रात्री फोनवर ‘जेवलीस का’ विचाराल, ते विचाराच. पण महिन्यातून एकदा ‘पगार जमा झाला का, पीएफ भरला का’ हेही विचारा. आणि नळावर कोणी म्हणालंच की तुमची पोट्टी तिकडं काय करते, तर सरळ सांगा, “नोकरी करते. कागद आहे माझ्याजवळ, दाखवू का?”